दिवसा सांगितलेली गोष्ट

मी पुस्तक उघडलं आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी कानांत बोटं घातली. कुणी हसलं नाही. हसली असती तर मी समजून घेतलं असतं. शिमगा तोंडावर आला होता, आणि शिमग्याच्या आधी पोरांच्या अंगात काय काय येतं हे पोलादपुरात शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. पण ही पोरं गंभीर होती. पुढच्या रांगेत आवडी बसली होती. तिनं बोटं तर घातलीच होती, वर डोळेही गच्च मिटून घेतले होते, आणि तिची दोन्ही कोपरं शेजारणीच्या तोंडाला लागत होती तरी शेजारीण हूं की चूं करत नव्हती. बाहेर कुठं तरी शेतात पेरणीआधीचे राब भाजत होते, त्याचा धूर खिडकीतून आत येत होता. कालपर्यंत हीच पोरं शेवटच्या तासाला पाट्या आवरून 'बाई, अस्वल! बाई, अस्वल!' म्हणून माझा जीव खात होती. मी विचारलं, "काय झालं?" पण कान बंद करून बसलेल्यांना काय झालं म्हणून विचारण्यात काही अर्थ नसतो. शेवटी मी पुस्तक मिटलं, टेबलावर पालथं घातलं आणि रिकामे हात वर करून दाखवले. तेव्हा कुठं नुरजहाँनं एका कानातलं बोट काढलं. एकाच.

"बाई, आवडीचा मामा नाय आला."

"मग?"

"तुमी दिवसा गोष्ट सांगता. दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकतो." थोडं थांबून ती म्हणाली, "माझा मामू लाँचवर खलाशी हाय, बाई. तो चुकला तर सगळी लाँचच चुकंल."

मी हसले. हसायलाच हवं होतं. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, ट्रेनिंग झालेली, बायबलातले अध्यायच्या अध्याय पाठ असलेली मी बाई. अशा समजुती काढून टाकण्यासाठीच तर मला इथं नेमलं होतं. पण हसू मधेच आटलं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं. ही समजूत मला माहीत होती. ऐकून माहीत नव्हती, आतून माहीत होती. कुठून, ते त्या क्षणी आठवेना. मी पोरांना पाढे म्हणायला लावले. पाढे दिवसा म्हटले तर कुणाचं काही चुकत नसावं, कारण सगळ्यांनी कानांतली बोटं काढली आणि घसा ताणून म्हटले. आवडी मात्र नुसते ओठ हलवत होती.

पुस्तक इंग्रजी होतं. हिरव्या कापडाची बांधणी, आणि वर सोनेरी रेषांत एक अस्वल, हातात दिवा धरून उभं. सोनं आता बरंचसं माझ्या बोटांना लागून गेलं होतं. बोर्डिंगात मी तापानं निजले होते तेव्हा मोठ्या मिस माझ्या उशाशी बसून ते वाचत, दुपारच्या, इतर मुली शिवणाच्या वर्गाला गेल्या की. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं त्यांच्या मोडक्या मराठीत. विलायतेला परत जाताना त्यांनी ते मला देऊन टाकलं. बायबल सोडलं तर माझ्याजवळ माझं म्हणावं असं ते एकच पुस्तक. गोष्ट अशी होती की एका थंड मुलखात एक तळं असतं आणि तळ्याखाली एक गाव असतं. तिथं सूर्य पोचत नाही, म्हणून एक म्हातारं अस्वल रोज संध्याकाळी शिडी घेऊन हिंडतं आणि गावातले दिवे लावतं. एका हिवाळ्यात अस्वलाजवळचा निखारा विझतो. गाव काळोखात बुडतं. मग वरच्या जगातली एक मुलगी, आजीच्या चुलीतला निखारा मडक्यात घेऊन, तळ्यात उतरते. बस, एवढंच. पण मडक्यातला निखारा पाण्यातून कसा न्यायचा, यात सगळं पुस्तक जातं. मी लहान असताना मला वाटायचं की हे जर जमलं तर मग जगात सगळंच जमेल.

ते पोलादपूरच्या पोरांना सांगायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. तळं गोठतं, हे कसं सांगायचं? बर्फ त्यांनी बापजन्मात पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मी म्हटलं, "तिथं इतकी थंडी की पाण्यावर साय धरते. घट्ट. माणूस चालून जाईल इतकी." पाण्याची साय! पोरं किती तरी वेळ हसत राहिली, पण पुढं रोज त्यांनीच विचारलं, आज साय धरली का, आज साय फुटली का. आमच्याकडे तळं म्हटलं की महाडचं तळं. त्या तळ्याच्या पाण्यावरून झालेल्या गोष्टीला फार वर्षं लोटली नव्हती, आणि घरोघरी मोठी माणसं अजून त्याबद्दल आवाज चढवून किंवा आवाज उतरवून बोलत होती. तळ्याखाली गाव आहे म्हटल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीतली शकू उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, तितं पाणी कोण कोण भरतं?"  मी म्हटलं, "तिथं सगळे पाण्यातच राहतात. भरायला जावंच लागत नाही." पोरांना ते पटलं. त्या दिवसानंतर गोष्टीच्या वेळी कोण कुठं बसायचं ते थोडं सैल होत गेलं. वर्गात पाढ्यांना जी पोरं एकमेकांपासून हातभर लांब बसत, ती अस्वलाच्या वेळी सरकत सरकत माझ्या टेबलाशी गोळा होत आणि आपण कुणाला टेकलोय हे विसरून जात. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करी. त्या तासाची मला दिवसभर ओढ असे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खोलीवर गेले नाही. रस्त्याच्या कडेला, जिथं महाडची मोटार थांबते, तिथं जाऊन उभी राहिले. कशासाठी, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. टपालाचं निमित्त होतं. मोटार आली, धूळ बसली, मुंबईचे चाकरमानी उतरले. ट्रंका, नव्या टोप्या, एकाच्या हातात तर पिंजरा. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होते. आवडीच्या मामाला, सदूला, मी कधी पाहिलेलंही नव्हतं. मग मी कुणाला शोधत होते? शेजारच्या येसाजीनं आवडीच्या घरी येऊन सांगितलं होतं की सदूला त्यानं भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना डोळ्यांनी पाहिलं. पण गर्दीत दोघांची फारकत झाली, आणि येसाजी बाणकोटला उतरून, लाँचनं खाडी चढून, महाडहून मोटारीनं घरी पोचला तरी सदू नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सुटलाच नसता तर काळजी नव्हती. निघाला आणि पोचला नाही, याला गावात एकच नाव होतं: वाट चुकला. मोटार रिकामी झाली आणि कशेडीकडं तोंड करून ड्रायव्हर विडी ओढत बसला. त्या विडीच्या वासात, उभ्याउभ्या, मला आठवलं.

माझा मामा त्याच कशेडीकडचा. आईबाप मुंबईत प्लेगानं गेले आणि मामानं मला उचलून घाटावर नेलं. त्याच्या खांद्यावर बसले की विडीचा आणि घोंगडीचा वास यायचा. वाटेत तो मला म्हणायचा, "दमलीस का गो? आता आलाच बघ मुक्काम," आणि मुक्काम काही यायचा नाही. बोर्डिंगच्या फाटकाशी त्यानं मला उतरवलं. "शिमग्याला येतो न्यायला," म्हणाला. मी फाटकाचे गज धरून पाहत राहिले. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. पण पुढच्या शिमग्याला तो आला नाही. त्याच्याही पुढच्या नाही. मोठ्या मुली म्हणाल्या, तुझ्या मामाला पोटाला नाही, तो कसला येतोय. पण मला खरं कारण माहीत होतं. मी दुपारच्या गोष्टी ऐकत होते. भर दिवसा, डोळे उघडे ठेवून, अस्वलाच्या गोष्टी. मोठ्या मिसना कसं सांगायचं? त्या दुपारी मोकळ्या असत. मी एकदा कानांत बोटं घालून पाहिली, पण मिसना वाटलं माझे कान दुखतायत, त्यांनी तेल गरम करून घातलं. आणि मग मला पुढचं ऐकायचं होतं. हेच तर सगळ्यात वाईट होतं. मामा हवा होता आणि पुढचंही ऐकायचं होतं. मी बोटं काढली. अगदी लहान मुलीनं आपल्या मनाशी केलेला तो निवाडा मी नंतर कधी तरी हसून विसरून गेले होते, आणि विसरल्यावर तो जायला हवा होता. गेला नव्हता. तो आवडीच्या मिटलेल्या डोळ्यांत जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी आवडी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी गेले. घर म्हणजे ठमाबाईचं, तिच्या आजीचं; आवडीची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून पोर आजीजवळ आणि सदूमामा मुंबईहून पाठवील त्यावर. घराचं खळं, म्हणजे पुढचं सारवलेलं अंगण, रस्त्याला लागूनच होतं, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. मी गडग्याच्या खिंडीत उभी राहिले. आत बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, हे मी इथं आल्या आल्या शिकले होते. ठमाबाई सुपात काहीतरी पाखडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाखडत राहिली.

"पोर खात नाय," ती म्हणाली. "म्हंते, मीच मामाला चुकवला. पयल्या दिवशी बोटा घातल्यान नि मग काढल्यान. म्हंते, मला आयकायचा होता."

 आवडी दारात येऊन उभी राहिली होती. तिचे केस विंचरलेले नव्हते. मी तिला सांगायला गेले होते की हे सगळं खोटं आहे, मामा चुकतात ते बोटींमुळं, भरतीओहोटीमुळं, रजा न मिळाल्यामुळं. वाटेत मी नीट जुळवून आणलं होतं. तिथं मात्र मी ते सगळं सोडून दिलं. तिला खोटं वाटलं असतं म्हणून नव्हे; मलाच ते पुरेसं खरं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "आवडे, मीही काढली होती बोटं. लहानपणी." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"मग? आला तुमचा मामा?"

 ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. तिनं माझ्या तोंडाकडं जरा निरखून पाहिलं असावं, कारण तिचा आवाज बदलला. "बाई, दिवसाची गोष्ट अर्धी राहली का?"

"अर्ध्याहून जास्त झालीय. शेवट राहिलाय."

"मग ती दिवं लागल्यावं पुरी करा. दिवसा सांगितलेली रातीला पुरी केली म्हंजे वाट उघडते. आमची आय असाच करायची." खरंच तिची आई असं करायची की ठमाबाईनं ते तिथल्या तिथं, पोरीसाठी, किंवा माझ्यासाठी, रचलं, हे मला आजवर समजलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. तिचा स्वतःचा मुलगा वाटेवर होता आणि ती माझी सोय पाहत होती, एवढं मात्र कळलं.

पण सोय इतकी सोपी नव्हती. आमची शाळा म्हणजे एकच खोली. दिवसा ती शाळा आणि दिवे लागले की प्रार्थनाघर. ठमाबाईनं स्पष्ट सांगितलं, "दिसा मी पोरीला धाडते. दिवं लागल्यावं तितं नाय धाडायची. लोक म्हंतील पोर बाटवायला दिली." भिंती त्याच, बाकं तीच, फळाही तोच, पण उजेड गेला की खोलीचा धर्म बदलत होता. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. तिकडे आमच्या मंडळीचं तर निराळंच. गेल्या रविवारी उपासनेनंतर बायकांना मी अस्वलाचा थोडा भाग सांगितला होता. चंद्राबाई, आमची बायबलबाई, गावोगाव वचन सांगत फिरून पायांना घट्टे पडलेली, ती तर इतकी रंगली की अस्वलाचा निखारा विझला तेव्हा तिनं 'अरे देवा' म्हणून कपाळाला हात लावला. तेव्हा दारात दत्तारामकाका उभे राहिले. मंडळीतले वडील माणूस. ते बोलले तर साधं बोलत, पण मंडळीतर्फे बोलायचे झाले की त्यांची भाषा छापील होत असे.

"मार्थाबाई, ज्या जागी सत्याचं वचन वाचतो त्या जागी असत्य वाचू नये. अस्वल दिवा लावतं काय? अस्वल बोलतं काय?"

"बायबलात बलामाची गाढवी बोलली की," चंद्राबाई म्हणाली. "ती बोलली ती चालली, नि अस्वलानंच काय केलाय?"

काका क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "ती देवानं बोलवली. ह्याला कोण बोलवतं? बाई बोलवतात." आणि त्यांनी निकाल दिला, प्रार्थनाघरात अस्वल नको, पुन्हा वाचलंत तर मिशनच्या साहेबांना कळवावं लागेल. मला फार लागलं, कारण ते पुरतं चूक नव्हतं. बोलवत होते मीच. मिसच्या पुस्तकातलं अस्वल मोठं अदबीनं बोलतं. माझं अस्वल म्हणायचं, 'दमलीस का गो? आता आलाच बघ मुक्काम.' ही भाषा मी कुठून उचलली याचा मी कधी विचार केला नव्हता. मोटारथांब्यावर त्या विडीच्या वासात तेही कळलं होतं, आणि त्यानंतर पुस्तक हातात घेणं मला जड झालं होतं.

ठमाबाईकडून मी तशीच काकांच्या घरी गेले. म्हटलं, प्रार्थनाघरात नको तर नको. ठमाबाईच्या खळ्यात, दिवेलागणीला, मी गोष्ट पुरी करणार. तुम्ही साहेबांना काय कळवायचं ते कळवा. मला वाद घालायचा होता. मी तयारीनं गेले होते. काका अंगणात पायाला हळद बांधून बसले होते.  शेजारी त्यांची भाची शकू बसली होती, तळ्याच्या पाण्याचं विचारणारी, आणि ती एकदा माझ्याकडं आणि एकदा मामाच्या पायाकडं पाहत होती.

"काय झालं पायाला?"

"काय नाय. काटा."

"मामा कापड्याहून येताना वाट चुकला, बाई," शकू म्हणाली. "रानात गेला. सांजपर्यंत भोवंडत फिरत व्हता."

"चुकलो नाय. आडवाटेनं आलो," काका म्हणाले. कापडे ते पोलादपूर ही वाट या माणसानं जन्मभर तुडवली होती. डोळे बांधून सोडलं असतं तरी घरी आला असता.  शकू, गोष्टीच्या पहिल्या दिवसापासून कान उघडे ठेवून ऐकत आलेली शकू, मान खाली घालून माती उकरत होती. काकांनी तिच्याकडं पाहिलं. मग घसा साफ करून ते म्हणाले, "समजुतीला आपल्यात थारा नाय. पण अर्धवट सोडणं बरं नाय. कुठलंच काम." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "उजेड लागंल तुम्हाला वाचायला. त्या म्हातारीकडं नुसती ढणढणी चिमणी असंल. मंडळीचा कंदील आणतो."

होळीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जमलो. लोकांनी आपापल्या जागा आपणच शोधल्या. वाडीतली पोरं आणि बायका खळ्यात, सारवलेल्या जमिनीवर. नुरजहाँ तिच्या आईबरोबर आली होती. त्या दोघी पायरीच्या बाजूला टेकल्या. आमची मंडळी गडग्याच्या पलीकडं, रस्त्यावर, चंद्राबाईनं आणलेल्या तरटावर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दगडांची ती ओळ बरोबर मधे आली. ठमाबाईनं माझ्यासाठी घोंगडी घातली ती गडग्याच्या खिंडीत, ना आत ना बाहेर. काकांनी कंदील काठीला बांधून गडग्याच्या दगडांत रोवला. आवडी माझ्या समोर बसली होती, केस विंचरून, हात मांडीत. तिच्या तोंडावर गोष्ट ऐकणाऱ्या पोराचा भाव नव्हता; कोर्टात निकाल ऐकायला बसलेल्या माणसाचा होता. मला भीती वाटली. आज गोष्ट संपेल, आणि उद्या होळी पेटेल, आणि सदू आला नाही तर? मग ही पोर जन्मभर काय घेऊन राहील ते मला ठाऊक होतं. मी घेऊन राहिलेच होते. मोटार अजून आली नव्हती. सगळे ऐकायला बसले होते, पण सगळ्यांचे कान रस्त्याकडं होते.

मी सुरुवात केली.  मुलगी निखाऱ्याचं मडकं छातीशी धरून सायीच्या काठाशी उभी आहे. खाली काळोख. अस्वल वर येऊन म्हणतं, मी पुढं चालतो, तू माझ्या पाठीवर हात ठेव. आणि ते बोलू लागलं तेव्हा मी ते अडवलं नाही. "दमलीस का गो?" मी म्हटलं. "आता आलाच बघ मुक्काम." ठमाबाई हसली. आपल्याच बोलीत बोलणारं अस्वल ऐकून गडग्याच्या दोन्ही बाजूंना हसू पसरलं आणि मग हळूहळू शांतता झाली. मी या गोष्टीचा शेवट कधी दिवा लावून वाचला नव्हता. मिस जायच्या आधी तो राहून गेला, आणि पुढं मी तो एकटीनं, झाडाखाली, उजेडात वाचला होता. आता कंदिलाच्या त्या हलत्या प्रकाशात तो मला नवाच वाटला. मडक्याला चीर जाते. पाणी आत येऊ पाहतं. मुलगी ओंजळीनं चीर दाबून धरते, हात भाजतात, पण ती सोडत नाही. आवडीच्या मांडीतले हात कधी वर आले आणि कधी तिनं आपली ओंजळ धरली, हे तिला कळलंही नव्हतं. चंद्राबाईचा श्वास माझ्या पाठीमागं ऐकू येत होता. मधेच कधी तरी मोटारीचा आवाज येऊन गेला, आणि मला नवल वाटलं की कुणीच मान वळवली नाही.

मग माझ्या पाठीशी पावलं वाजली. जोड्याची, थकलेली. कुणीतरी येऊन खिंडीशी थांबलं; आत जायचं तर मला ओलांडून जावं लागलं असतं. खळ्यातली सगळी तोंडं वर झाली. मी मागं वळले नाही. वळता आलं नाही. विडीचा वास आला, आणि सगळं आयुष्य मी ज्या फाटकाशी उभी होते ते फाटक कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं मला वाटलं. माझा नव्हता तो. हे मला पुरतं कळत होतं, आणि तरी मी सुखानं भरून आले.

"आगो आवडे," मागून आवाज आला. "बोटीत डोळा लागला गो, नि बाणकोट गेलाच. पार दाभोळला—"

आवडी उठून उभी राहिली. तिचं तोंड असं फुललं की मला वाटलं ती आता मला, कंदिलाला, सगळ्यांना तुडवून धावत सुटणार. ओंजळ अजून तशीच धरलेली होती. तिनं मामाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं, आणि मग मास्तरणीच्याच स्वरात ओरडली, "मामा, तितंच बस! मधी बोलू नको. निखारा इझंल."

सदू बसला. जिथं होता तिथंच, गडग्याच्या पलीकडं, तरटावर, दत्तारामकाका आणि चंद्राबाई यांच्या मधे. काकांनी आपला दुखरा पाय आवरून त्याला जागा करून दिली. मी इतकी वर्षं मामा आला तर काय विचारायचं ते घोकत होते, कुठं होतास, का नाही आलास. त्याऐवजी नुसतं 'बस' म्हणायचं असतं, हे या चिमुरडीला कसं सुचलं? ठमाबाईनं पाहिलं आपला लेक कुठं बसलाय ते. कुणाला टेकलाय ते. तिचं तोंड उघडलं. खळ्यातल्या बायकांनी तिच्याकडं पाहिलं. एवढा वेळ आपापल्या बाजूला नीट बसलेली सगळी माणसं तिच्या एका शब्दाची वाट पाहत होती. तिनं पदरानं डोळे पुसले, लेकाकडं पुन्हा एकदा पाहिलं, आणि मला म्हणाली,

"थांबलाव कशाला, बाई? म्होरं सांगा."

मी पुढं वाचू लागले.